नव्या लिनक्सवर नेटवर्क कार्ड चालत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स नुकतंच टाकलं, डेस्कटॉप सुरू झाला, पण नेट नाही. आणि नेट नाही म्हणून उपायही डाउनलोड करता येत नाही. या कोंडीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांतच टाइप करायच्या. एखादी कमांड 'परमिशन डिनाइड' म्हणाली तर तिच्याआधी 'सुडो' (प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारी कमांड) लावा.

१. वाय-फायचं चिन्हच दिसत नाही. ड्रायव्हर कुठून डाउनलोड करू?

आधी थांबा, काहीही डाउनलोड करू नका. विंडोजच्या सवयीने बहुतेक जण कार्डाच्या कंपनीच्या साइटवर जातात आणि तिथली सेटअप फाइल आणतात. ती लिनक्सवर उपयोगाची नाही. लिनक्समध्ये बहुसंख्य नेटवर्क ड्रायव्हर कर्नलसोबतच (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) येतात, म्हणजे ते तुमच्या डिस्कवर आत्ताही आहेत. तरी कार्ड चालत नसेल तर कारण सहसा या चारांपैकी एक असतं: ड्रायव्हर आहे पण त्याला लागणारी फर्मवेअरची फाइल नाही (प्रश्न ५), कर्नल कार्डापेक्षा जुना आहे (प्रश्न ८), त्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाहीच (प्रश्न ९ आणि १०), किंवा सगळं जागेवर आहे पण रेडिओ बंद आहे (प्रश्न १४). यातलं पहिलं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं. कोणतं कारण तुमचं, हे ठरवायला पाच मिनिटं पुरतात; न ठरवता इंटरनेटवरच्या कमांड एकामागून एक चालवल्या तर चांगलं इन्स्टॉलेशनही बिघडतं. म्हणून पहिलं काम म्हणजे चिप ओळखणं. ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. नेटच नाही, मग पॅकेज आणायचं कसं?

मोबाइलने. अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. फोन लिनक्सला इथरनेट कार्डासारखा दिसतो. त्याचे ड्रायव्हर जवळपास प्रत्येक कर्नलमध्ये असल्यामुळे बाहेरून काही आणावं लागत नाही. फोन स्वतः वाय-फायवर असेल तर तेच नेट केबलमधून मशीनला मिळतं, मोबाइल डेटाही खर्च होत नाही. फक्त चार्जिंगच्या तारा असलेली केबल इथे चालत नाही. टेदरिंगचा पर्याय राखाडी राहिला तर आधी केबल बदलून पाहा. आयफोनलाही हे जमतं, पण 'यूएसबीमक्सडी' हे पॅकेज बसवलेलं असावं लागतं आणि फोनवर 'ट्रस्ट' दाबावं लागतं.

फोन नसेल तर राउटरला लॅनची केबल लावा. तीही नसेल तर दुसऱ्या संगणकावर पॅकेज उतरवून पेनड्राइव्हने आणा. मात्र ते तुमच्याच वितरणाच्या (उबंटू, डेबियन, फेडोरा यांपैकी जे असेल त्याच्या), तुमच्याच आवृत्तीसाठीचं असलं पाहिजे.

डेबियनवर आणखी एक अडथळा भेटतो: नेट आलं तरी 'एपीटी' (पॅकेज बसवणारं साधन) इन्स्टॉलेशनची डिस्क घालायला सांगत राहतं. पॅकेजेस कुठून आणायची ते सांगणाऱ्या सोर्सेस लिस्टच्या फाइलमध्ये 'सीडीरॉम'ने सुरू होणारी ओळ असते. तिच्यापुढे हॅशचं चिन्ह टाका आणि 'एपीटी अपडेट' पुन्हा चालवा.

३. माझ्या मशीनमध्ये नेमकं कोणतं कार्ड आहे, हे कसं कळणार?

आतल्या कार्डासाठी 'एलएसपीसीआय -एनएनके', यूएसबी डोंगलसाठी 'एलएसयूएसबी'. पहिल्या कमांडच्या लांबलचक यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' किंवा 'इथरनेट कंट्रोलर' असं लिहिलेली ओळ शोधा. वाय-फाय सहसा पहिल्या नावाखाली आणि लॅन दुसऱ्या नावाखाली असतं.

त्या ओळीच्या शेवटाकडे चौकटी कंसात दोन भागांचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ ८०८६:२७२३. मधल्या दोन टिंबांच्या डावीकडचा भाग चिप बनवणाऱ्याचा, उजवीकडचा त्या चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस. वरचा क्रमांक इंटेलच्या एएक्स२०० कार्डाचा आहे. लॅपटॉपचं नाव, खोक्यावरचं नाव, स्टिकर हे सगळं विसरून हाच क्रमांक धरून उत्तर शोधायचं.

त्याच्या खाली दोन ओळी पाहा. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' म्हणजे आत्ता कार्ड ज्याच्या ताब्यात आहे तो ड्रायव्हर. 'कर्नल मॉड्यूल्स' म्हणजे या कार्डाला चालू शकतील अशी, डिस्कवर असलेली मॉड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइली. दोन्ही असतील तर प्रश्न ४ कडे जा. फक्त दुसरी असेल तर ड्रायव्हर आहे पण चढलेला नाही. कुणीतरी तो ब्लॅकलिस्ट केला (म्हणजे चढवू नये असं नोंदवलं) असेल किंवा चढताना तो अडला असेल. दोन्ही नसतील तर प्रश्न ८.

कार्ड यादीतच नसेल तर प्रश्न ड्रायव्हरचा नाहीच. बायोसमध्ये ते बंद आहे का, सॉकेटमध्ये नीट बसलंय का, हे पाहा. (प्रश्न १९ मधला अपवादही वाचा.)

४. 'ड्रायव्हर इन यूज' दिसतोय, तरी वाय-फाय का नाही?

कर्नलचा लॉग वाचा: 'सुडो डीमेसेज' (dmesg). यादी मोठी असते, म्हणून 'ग्रेप' (हव्या त्या ओळी गाळून दाखवणारी कमांड) लावून त्यात 'फर्मवेअर' हा शब्द किंवा ड्रायव्हरचं नाव शोधा. 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर' अशी सुरुवात, मग एका फाइलचं नाव आणि शेवटी 'फेल्ड विथ एरर -२' अशी ओळ सापडली तर निदान झालं. उणे दोनचा अर्थ 'अशी फाइल सापडली नाही'. ड्रायव्हर जागेवर आहे, त्याने कार्ड ओळखलं आहे, फक्त त्याला हवी ती फाइल डिस्कवर नाही. फाइलचं नाव टिपून घ्या आणि प्रश्न ६ प्रमाणे पॅकेज बसवा.

तशी ओळ नसेल तर 'आयपी लिंक' चालवा. 'डब्ल्यूएल'ने सुरू होणारा इंटरफेस (कार्डाला लिनक्सने दिलेलं नाव) यादीत असेल तर ड्रायव्हरचं काम झालं आहे. पुढची चौकशी प्रश्न १४ आणि १६ मध्ये.

५. फर्मवेअर आणि ड्रायव्हर एकच ना?

नाही. ड्रायव्हर तुमच्या प्रोसेसरवर, कर्नलच्या आत चालतो. फर्मवेअर कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर चालतं. आजच्या बहुतेक वाय-फाय चिपांमध्ये ते कायमचं साठवलेलं नसतं. कार्ड सुरू होताना ड्रायव्हर ते डिस्कवरून वाचतो आणि कार्डात भरतो. ड्रायव्हर मुक्त स्रोत असला तरी फर्मवेअर सहसा कंपनीकडून बंद स्वरूपातच येतं, आणि म्हणूनच काही वितरणं ते वेगळं ठेवतात.

६. मग फर्मवेअरचं कोणतं पॅकेज टाकू?

उबंटूवर 'लिनक्स-फर्मवेअर', आणि ते बहुधा आधीच असतं. फेडोरा आणि आर्चवर याच नावाखाली आता कंपनीनुसार उपपॅकेजेस आहेत. अगदी आटोपशीर इन्स्टॉलेशन केलं असेल तर वाय-फायचं उपपॅकेज राहून गेलेलं असू शकतं.

डेबियनची गोष्ट वेगळी. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच बंद फर्मवेअर समाविष्ट आहे. त्याआधीच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसायचं. इंटेलसाठी 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', रियलटेकसाठी 'फर्मवेअर-रियलटेक', अथेरॉससाठी 'फर्मवेअर-अथेरॉस', ब्रॉडकॉमसाठी 'फर्मवेअर-बीआरसीएम८०२११' ही पॅकेजेस. डेबियन ११ वरून १२ वर आलेल्यांनी एक गोष्ट नक्की तपासावी: फर्मवेअर 'नॉन-फ्री' विभागातून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नव्या विभागात गेलं आहे. सोर्सेस लिस्टमध्ये हा शब्द जोडला नाही तर जुनं पॅकेज तसंच पडून राहतं आणि अपडेट येत नाहीत.

पॅकेज बसल्यावर मशीन पुन्हा सुरू करा. घाई असेल तर 'मॉडप्रोब -आर' आणि ड्रायव्हरचं नाव, मग नुसतं 'मॉडप्रोब' आणि तेच नाव. ड्रायव्हर उतरून पुन्हा चढतो आणि फाइल नव्याने शोधतो.

७. इंटेलच्या कार्डासाठी लॉगमध्ये लागोपाठ 'फेल्ड' येतं, पण वाय-फाय चालतंय. काही बिघडलंय का?

नाही. 'आयडब्ल्यूएलवायफाय' हा ड्रायव्हर त्याला माहीत असलेल्या फर्मवेअरच्या सर्वात नव्या आवृत्तीपासून सुरुवात करतो, ती मिळाली नाही की एक पायरी खाली येतो, आणि मिळेपर्यंत उतरत राहतो. प्रत्येक न मिळालेल्या आवृत्तीची एक ओळ लॉगमध्ये पडते. नंतर कुठेतरी 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' दिसलं की काळजी संपली. ती ओळ शेवटपर्यंत आलीच नाही तरच प्रश्न ६.

८. लॅपटॉप अगदी नवा आहे. कार्ड यादीत दिसतं, पण ड्रायव्हरची ओळच नाही.

'यूनेम -आर' चालवून कर्नलची आवृत्ती पाहा. कार्ड बाजारात आल्यावर त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये यायला वेळ लागतो, आणि दीर्घकाळ आधार असलेली वितरणं मुद्दाम जुना कर्नल धरून ठेवतात. मीडियाटेकच्या एमटी७९२१ चा ड्रायव्हर कर्नल ५.१२ मध्ये आला. रियलटेकच्या वाय-फाय ६ चिपांचा 'आरटीडब्ल्यू८९' ५.१६ मध्ये, 'आरटीडब्ल्यू८८' ला यूएसबी डोंगलांचा आधार ६.२ मध्ये मिळाला. आता डेबियन ११ चा कर्नल ५.१० आहे आणि डेबियन १२ चा ६.१. म्हणजे डेबियन १२ वर रियलटेकचे कित्येक डोंगल केवळ एका आवृत्तीच्या फरकाने अडतात.

उपाय म्हणजे नवा कर्नल. डेबियनवर तो बॅकपोर्ट्समधून (स्थिर आवृत्तीसाठी दिलेल्या नव्या पॅकेजेसमधून) मिळतो, उबंटूच्या एलटीएसवर (दीर्घकाळ आधाराच्या आवृत्तीवर) 'एचडब्ल्यूई' या नव्या हार्डवेअरसाठीच्या कर्नलमधून. माझा आग्रह असा, की बाहेरचा ड्रायव्हर जोडण्याआधी हा मार्ग पाहावा. कर्नलमधला ड्रायव्हर पुढच्या प्रत्येक अपडेटबरोबर आपोआप सांभाळला जातो. बाहेरचा तुम्हाला सांभाळावा लागतो.

खात्री करायची सोपी युक्ती: एखाद्या ताज्या वितरणाची लाइव्ह यूएसबी लावून बूट करा. तिथे वाय-फाय चाललं तर हार्डवेअर ठीक आहे.

९. ब्रॉडकॉमचं कार्ड आहे. तीन-चार ड्रायव्हरांची नावं सापडली. कोणता खरा?

चिपवर अवलंबून आहे, आणि इथेच लोक सर्वाधिक अडकतात. नव्या आणि एआरएम बोर्डांवरच्या बऱ्याच चिपांना 'बीआरसीएमएफमॅक', काहींना 'बीआरसीएमएसमॅक', जुन्या चिपांना 'बी४३' लागतो. हे तिन्ही कर्नलमध्येच आहेत. 'बी४३' चं फर्मवेअर मात्र वेगळं आणावं लागतं, डेबियनवर 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' ते काम करतं.

उरलेल्यांना, उदाहरणार्थ बीसीएम४३१४२ आणि बीसीएम४३६० यांना, कंपनीचा बंद ड्रायव्हर 'डब्ल्यूएल' लागतो. डेबियनवर त्याचं पॅकेज 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस', उबंटूवर 'बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स', आर्चवर 'ब्रॉडकॉम-डब्ल्यूएल-डीकेएमएस', आणि फेडोरावर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेज-भांडारातलं 'एकेमॉड-डब्ल्यूएल'. कंपनीचा मूळ कोड २०१५ नंतर पुढे सरकलेला नाही. वितरणं त्याला ठिगळं लावून नव्या कर्नलवर चालवतात, त्यामुळे कर्नल अपडेटनंतर तो कधी कधी बनत नाही.

सगळे एकदम बसवून पाहू नका. 'डब्ल्यूएल' आणि 'बी४३' एकमेकांच्या आड येतात. 'डब्ल्यूएल' चं पॅकेज इतरांना ब्लॅकलिस्ट करतं, आणि ते पॅकेज काढल्यावर ती फाइल मागे राहिली तर योग्य ड्रायव्हरही चढत नाही. अशा फाइली इटीसी फोल्डरातल्या 'मॉडप्रोब डॉट डी' मध्ये असतात. तिथे एकदा नजर टाका.

१०. यूएसबी डोंगल मित्राकडे चालतो, त्याच मॉडेलचा माझा चालत नाही. असं कसं?

मॉडेल तेच, चिप वेगळी. कंपन्या नाव कायम ठेवून आतली चिप बदलतात. ठळक उदाहरण टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन चं: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ होती, जी लिनक्सवर लावताच चालते, दुसऱ्या आवृत्तीपासून रियलटेकची चिप आली. खोक्यावर मॉडेलनंबर तोच, फक्त बारीक अक्षरात आवृत्ती वेगळी. म्हणून 'एलएसयूएसबी'चा क्रमांक पाहिल्याशिवाय कोणाचीही कृती उचलू नका.

कर्नलमध्ये ड्रायव्हर नसेल तर गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती साइट) एखादा सापडतो. तो घेताना शेवटचा बदल कधीचा आहे आणि तुमच्या कर्नल आवृत्तीचा उल्लेख आहे का, हे वाचा. डीकेएमएसची सोय नसलेला ड्रायव्हर घेऊ नका; कारण प्रश्न १२ मध्ये.

११. डोंगल लावला की सीडी ड्राइव्ह दिसतो, वाय-फाय नाही.

काही डोंगलांत विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो आणि ते आधी स्वतःला सीडी म्हणून सादर करतात. रियलटेकच्या अशा डोंगलचा क्रमांक ०बीडीए:१ए२बी दिसतो. ती 'सीडी' इजेक्ट करा किंवा 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज टाका. मग 'एलएसयूएसबी' पुन्हा चालवा. क्रमांक बदललेला दिसेल. खरा क्रमांक तोच, आणि ड्रायव्हर त्याचा शोधायचा.

१२. कालपर्यंत चालत होतं. कर्नल अपडेट झाला आणि वाय-फाय गेलं.

बाहेरून बसवलेलं मॉड्यूल एका विशिष्ट कर्नलसाठी बनलेलं असतं. कर्नल बदलला की ते निरुपयोगी. डीकेएमएस याच कामासाठी आहे: तो ड्रायव्हरचा स्रोत जपून ठेवतो आणि नवा कर्नल आला की मॉड्यूल पुन्हा बनवतो. त्यासाठी त्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली) लागतात. 'डीकेएमएस स्टेटस' चालवा. चालू कर्नलसमोर 'इन्स्टॉल्ड' नसेल तर बहुतेक वेळा हेडर्स राहिलेले असतात. डेबियनवर 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' आणि उबंटूवर 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' ही पॅकेजेस असली की पुढच्या कर्नलबरोबर हेडर्सही आपोआप येतात.

तातडीने नेट हवं असेल तर मशीन सुरू होताना ग्रबमध्ये (काय चालू करायचं ते विचारणाऱ्या सुरुवातीच्या मेनूत) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा आणि आधीचा कर्नल निवडा.

१३. मॉड्यूल बनलं, पण 'मॉडप्रोब' म्हणतं 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

सिक्युअर बूट (मान्य सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवर मान्य सही नाही. 'मोकयूटिल --एसबी-स्टेट' चालवून खात्री करा. उबंटू आणि डेबियनवर डीकेएमएस स्वतःची चावी बनवून सही करतं, पण ती चावी मशीनने स्वीकारायला हवी. उबंटूवर बसवताना एक पासवर्ड मागितला जातो; डेबियनवर 'मोकयूटिल --इम्पोर्ट' ने चावीची फाइल स्वतः द्यावी लागते, पासवर्ड तिथे विचारला जातो. पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', आणि मग तोच पासवर्ड. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तेवढ्यात कळ दाबली नाही तर मशीन पुढे जातं आणि चावी राहून जाते. तसं झालं असेल तर 'मोकयूटिल --इम्पोर्ट' ने चावीची फाइल पुन्हा द्या. पासवर्ड साध्या अक्षर-अंकांचा ठेवा, कारण त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा असतो.

बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केल्यानेही काम होतं, पण ते सुरक्षेचं एक कुलूप काढणं आहे. चावी नोंदवणं दोन मिनिटांचं काम आहे, तेच करा.

१४. 'वाय-फाय डिसेबल्ड बाय हार्डवेअर स्विच' असं येतं.

'आरएफकिल लिस्ट' चालवा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड: येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय'. 'हार्ड ब्लॉक्ड: येस' असेल तर कमांडने सुटत नाही, लॅपटॉपवरचं बटण, विमानाचं चिन्ह असलेली कळ किंवा बायोस पाहा.

१५. विंडोजही आहे. तिथून परत आलं की लिनक्समध्ये कार्ड मेलेलं असतं.

विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं, आणि कार्ड अशा अवस्थेत सोडतं की लिनक्सच्या ड्रायव्हरला ते जागं करता येत नाही. तात्पुरतं पाहायचं असेल तर विंडोजमधून 'शट डाउन'ऐवजी 'रिस्टार्ट' करून लिनक्समध्ये या. हाच त्रास रियलटेकच्या लॅन कार्डांनाही होतो.

१६. इंटरफेस दिसतो, पण नेटवर्कमॅनेजर त्याला 'अनमॅनेज्ड' म्हणतं.

नेटवर्कमॅनेजर म्हणजे डेस्कटॉपवर नेट जोडून देणारा प्रोग्रॅम. डेबियनवर हे फार होतं, आणि लोक ड्रायव्हर बदलत बसतात. इन्स्टॉलरमध्ये तुम्ही नेट जोडलं असेल तर त्या इंटरफेसची नोंद इटीसी फोल्डरातल्या 'नेटवर्क' मधल्या 'इंटरफेसेस' या फाइलीत गेलेली असू शकते. तिथे नोंद असलेल्या इंटरफेसला डेबियनचं नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. त्या ओळींपुढे हॅश टाका ('एलओ' या मशीनच्या अंतर्गत इंटरफेसची ओळ तशीच ठेवा) आणि मशीन पुन्हा सुरू करा.

१७. रियलटेकचं लॅन कार्ड. आर८१६९ की आर८१६८?

आधी आर८१६९, जो कर्नलमध्येच आहे. चिपचं नाव ८१६८ असलं तरी हाच ड्रायव्हर ती चालवतो. नावाच्या घोळामुळे लोक उगाच बदल करतात. लिंक सारखी तुटत असेल आणि नव्या कर्नलनेही फरक पडला नाही, तरच कंपनीचा आर८१६८ डीकेएमएससह टाकून पाहा.

१८. वाय-फाय जोडलं जातं, पण अडखळतं.

पॉवर सेव्हिंग बंद करून पाहा: 'आयडब्ल्यू डेव्ह', इंटरफेसचं नाव, मग 'सेट पॉवर_सेव्ह ऑफ'. फरक पडला तर नेटवर्कमॅनेजरच्या 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरात 'वायफाय डॉट पॉवरसेव्ह' ची किंमत २ करा, म्हणजे ते कायम राहील. ३ म्हणजे चालू. फक्त काही चॅनल दिसत नसतील, विशेषतः ५ गिगाहर्ट्झचे किंवा १२ आणि १३ क्रमांकाचे, तर 'आयडब्ल्यू रेग गेट' मध्ये देश ०० आहे का ते पाहा. असेल तर 'आयडब्ल्यू रेग सेट' ने आपल्या देशाचा दोन अक्षरी कोड द्या.

१९. लिनक्सला चालतं म्हणून इंटेलचं कार्ड विकत घेऊन बसवलं. यादीतच येत नाही.

एएक्स२०१ किंवा एएक्स२११ असेल तर तेच कारण. ही कार्डं अपुरी असतात. त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल मशीनवर ती दिसत नाहीत. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही साधी पीसीआय एक्सप्रेस कार्डं आहेत, त्यांना इंटेलचाच प्रोसेसर लागत नाही. अंक एकाने चुकला की कार्ड परत करावं लागतं, म्हणून मागवण्याआधी नाव नीट वाचा.

२०. व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स टाकलंय. वाय-फाय का दिसत नाही?

दिसणार नाही, आणि गरजही नाही. आतल्या लिनक्सला एक काल्पनिक लॅन कार्ड मिळतं. वाय-फाय बाहेरची प्रणालीच सांभाळते.

२१. सगळं करून पाहिलं. मदत मागताना काय पाठवू?

वितरणाचं नाव आणि आवृत्ती, 'यूनेम -आर', 'एलएसपीसीआय -एनएनके' मधला नेटवर्कचा भाग किंवा 'एलएसयूएसबी'ची ओळ, 'आरएफकिल लिस्ट', 'मोकयूटिल --एसबी-स्टेट', आणि 'डीमेसेज' मधल्या ड्रायव्हरच्या नावाच्या ओळी. स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करा. फोटोतला क्रमांक कोणालाच शोधात टाकता येत नाही. आत्तापर्यंत कोणती पॅकेजेस बसवली आणि कोणत्या फाइली बदलल्या, हेही लिहा, विशेषतः ज्यांचा काही परिणाम झाला नाही त्या. आणि पाठवण्याआधी मजकुरातला मॅक पत्ता व वाय-फायचं नाव झाका.